पतसंस्थेचं जावा ॲप्लिकेशन सात शाखांतून ब्राउझरवर: टॉमकॅटसमोर इंजिनएक्स कसा बसवायचा?

कऱ्हाकाठ

नमस्कार मंडळी. पतसंस्थेचं एक जावा ॲप्लिकेशन आहे. सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी, सगळं त्यातच. सध्या ते मुख्य कार्यालयाच्या लॅनवर चालतं, आता सात शाखांतून ब्राउझरवर उघडायला हवं. एका वेळी साधारण ४० जण वापरतील.

मशीन: उबुंटू २२.०४, ४ कोअर, १६ जीबी रॅम, मायएसक्यूएल त्याच मशीनवर. वेंडरने एक वॉर फाइल (ॲप्लिकेशनचं पूर्ण गाठोडं) आणि दोन पानांची पीडीएफ दिली आहे. तिच्यात मेमरीचं एक सेटिंग सोडलं तर एवढंच लिहिलंय: जावा ८ आणि टॉमकॅट ९ (जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) टाका, वॉर फाइल वेबॲप्स फोल्डरमध्ये ठेवा, राउटरवर ८०८० हा पोर्ट उघडा.

८०८० असा थेट उघडणं बरोबर आहे का? समोर इंजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पाठवणारा वेब सर्व्हर) ठेवायचा तर कोणत्या क्रमाने काय करायचं? आणि एचटीटीपीएस कुठे लावायचं, इंजिनएक्सवर की टॉमकॅटवर?

लॉगवाचक

८०८० थेट उघडू नका. त्यावरून साधं एचटीटीपी जातं, म्हणजे कॅशियरचा पासवर्ड वाटेतल्या कुणालाही वाचता येतो. शिवाय टॉमकॅटच्या मूळ झिपसोबत मॅनेजर, होस्ट-मॅनेजर, डॉक्स आणि एक्झाम्पल्स ही ॲप्लिकेशन्स येतात, तीही त्याच पोर्टवर दिसायला लागतात.

समोर इंजिनएक्स, एचटीटीपीएस इंजिनएक्सवरच, आणि टॉमकॅट फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे बाहेरून पोचता न येणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या पत्त्यावर. क्रम आतून बाहेर ठेवा: आधी डेटाबेस, मग टॉमकॅट, मग इंजिनएक्स, मग सर्टिफिकेट, आणि राउटर सगळ्यात शेवटी. एक थर चालतोय याची खात्री झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. पाचही एकदम बसवले आणि पान उघडलं नाही, तर दोष कुठल्या थरात आहे ते शोधण्यातच दिवस जातो.

टॉमकॅटच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हर.एक्सएमएलमध्ये:

१. एचटीटीपी कनेक्टरला ॲड्रेस="१२७.०.०.१" जोडा. हे नसेल तर टॉमकॅट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकतो.
२. ८००९ चा एजेपी कनेक्टर (टॉमकॅटला जोडायची दुसरी एक वाट) असेल तर काढून टाका. इंजिनएक्सला त्याची गरज नाही. २०२० साली घोस्टकॅट नावाची जी त्रुटी सापडली (सीव्हीई-२०२०-१९३८) ती याच कनेक्टरमधून फाइली वाचू द्यायची. ९.०.३१ मध्ये ती दुरुस्त झाली, पण जुन्या सर्व्हर.एक्सएमएलच्या नकला अजून फिरतात.
३. शटडाउन पोर्ट ८००५ असेल तर -१ करा, म्हणजे तो बंद होतो.
४. ऑटोडिप्लॉय फॉल्स करा. नाहीतर वॉर फाइल अर्धी कॉपी झालेली असतानाच टॉमकॅट ती उलगडायला घेतो.

मग सर्व्हरवरच बसून कर्ल या आज्ञेने १२७.०.०.१:८०८० वरचं लॉगिन पान मागवा. २०० किंवा ३०२ (पान मिळालं किंवा दुसऱ्या पानाकडे पाठवलं) आला की टॉमकॅटचं काम झालं. नंतर 'एसएस -एलटीएनपी' चालवून ८०८० समोर १२७.०.०.१ दिसतंय की तारका, ते पाहा. तारका दिसली तर कनेक्टरचा बदल लागू झालेला नाही.

दुपारची_चहा

थोडक्यात, टॉमकॅट म्हणजे बोका, तो घरातच ठेवायचा, दारात बसवायचा नाही :)

निशिगंध

लॉगवाचक यांच्याशी सहमत. इंजिनएक्सचा भाग मी लिहिते.

ॲप्लिकेशनचा पाथ /सोसायटी/ आहे असं धरू. इंजिनएक्सच्या लोकेशन ब्लॉकमध्ये, म्हणजे त्या पाथपुरत्या सेटिंगमध्ये:

प्रॉक्सी_पास एचटीटीपी://१२७.०.०.१:८०८०;
प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;
प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर $प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर;
प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो $स्कीम;

पहिल्या ओळीत ८०८० नंतर तिरकी रेघ मुद्दाम दिलेली नाही, तुम्हीही देऊ नका. तिथे रेघ दिली की इंजिनएक्स लोकेशनचा भाग कापतो आणि त्याजागी नुसती रेघ ठेवून पुढे पाठवतो. टॉमकॅटला /सोसायटी/लॉगिन ऐवजी /लॉगिन मिळतं आणि तो ४०४ देतो. पत्ता आत आणि बाहेर एकच ठेवा. बाहेर /सोसायटी/ आणि आत रूट असा बदल केलात तर सेशन कुकीचा (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणेचा) पाथ जुळत नाही. बरोबर पासवर्ड देऊनही लॉगिन पान पुन्हा पुन्हा समोर येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण.

दुसरं, 'लोकलहोस्ट' न लिहिता १२७.०.०.१ च लिहा. लोकलहोस्टचे बहुतेक मशीनवर दोन पत्ते निघतात, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६. टॉमकॅट फक्त पहिल्यावर ऐकत असतो, त्यामुळे एरर लॉगमध्ये अधूनमधून 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येत राहतं.

प्रत्येक बदलानंतर 'इंजिनएक्स -टी', आणि तो 'ओके' म्हणाला तरच 'सिस्टमसीटीएल रीलोड इंजिनएक्स'. रीस्टार्ट नको. रीलोडमध्ये चालू असलेल्या विनंत्या पूर्ण होतात आणि नवीन कॉन्फिग चुकलं असेल तर जुनंच चालू राहतं.

पाटीपेन्सिल

यात आणखी एक जोडा. एवढ्यावर थांबलात तर टॉमकॅटच्या लॉगमध्ये सगळ्या शाखांचा पत्ता १२७.०.०.१ दिसेल, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक विनंती इंजिनएक्सकडूनच येते. पतसंस्थेच्या ऑडिटमध्ये 'ही नोंद कोणत्या शाखेतून झाली' हे विचारलं जाणारच.

सर्व्हर.एक्सएमएलमध्ये होस्टच्या आत रिमोटआयपीव्हॉल्व लावा, त्यात रिमोटआयपीहेडर म्हणून एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि प्रोटोकॉलहेडर म्हणून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो द्या. ॲक्सेसलॉगव्हॉल्वमध्ये रिक्वेस्टॲट्रिब्यूट्सएनेबल्ड="ट्रू" हेही लागतं. ते नसलं तर ॲप्लिकेशनला खरा पत्ता मिळतो पण लॉगमध्ये जुनाच छापला जातो.

घाटमाथा

मूळ प्रश्नाच्याही आधीचा एक प्रश्न. सात शाखा, ४० माणसं, सगळी आपलीच. मग लॉगिन पान अख्ख्या जगाला दाखवायचंच कशाला? प्रत्येक शाखेच्या राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन (दोन ठिकाणांमधला कुलूपबंद बोगदा) लावा आणि मुख्य कार्यालयात फक्त त्याचा एक यूडीपी पोर्ट उघडा (बहुतेक जण ५१८२० वापरतात). ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला तो पोर्ट उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. लोकांच्या ठेवींच्या नोंदी आहेत, हलक्यात घेऊ नका.

निशिगंध

@घाटमाथा, राउटर-ते-राउटर असेल तर मान्य. पण प्रत्येक काउंटरच्या मशीनवर व्हीपीएन क्लायंट टाकणार असाल तर सात शाखांत तो सांभाळणार कोण? विंडोज अपडेटनंतर एक टनेल बंद पडला की ती शाखा बंद.

आणि व्हीपीएन आहे म्हणून एचटीटीपीएस नको, हे मात्र चालणार नाही. टनेल दोन राउटरमधली वाट सुरक्षित करतो. शाखेच्या आतल्या वायफायवरची वाट उघडीच राहते.

घाटमाथा

राउटर-ते-राउटरच म्हणतोय मी. क्लायंट नकोच. आणि एचटीटीपीएसबद्दल वाद नाही, दोन्ही हवं.

राउटर निवडताना एक बघा: शाखेचं कनेक्शन सीजीनॅटमागे (एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटण्याची इंटरनेट कंपनीची व्यवस्था) आहे का? राउटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर आहे. शाखेला ते चालतं, कारण वायरगार्ड तिथून बाहेर जोडतो. 'परसिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर मधली नॅटची नोंद पुसली जाते आणि मुख्य कार्यालयाकडून शाखेला पोचता येत नाही. मुख्य कार्यालयाला मात्र खरा स्थिर आयपी पाहिजे, तो नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंग कितीही वेळा केलं तरी काही येणार नाही.

कऱ्हाकाठ

सर्वांचे आभार. टॉमकॅट, इंजिनएक्स, रिमोटआयपीव्हॉल्व एवढं लावून झालं, एचटीटीपीएसवर लॉगिन होतंय. तीन गोष्टी अडल्यात. सभासदाचे स्कॅन केलेले कागद चढवताना ४१३ येतो. वर्षअखेरचा ताळेबंद काढताना बरोबर एका मिनिटाने ५०४. आणि मधूनच एखादी शाखा ५०२ सांगते.

लॉगवाचक

तिन्ही आकडे इंजिनएक्सचे आहेत, टॉमकॅटचे नाहीत. आकडा कोणाचा हे ओळखलं की अर्धं काम होतं. एररच्या पानावर खाली इंजिनएक्सचं नाव असेल तर विनंती टॉमकॅटपर्यंत गेली नाही किंवा तिकडून उत्तर आलं नाही.

४१३ म्हणजे फाइल फार मोठी: क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ न लिहिता १ एमबी असतो. २० एमबी करा. त्याहून मोठा करू नका, शाखेतल्या माणसाने ६०० डीपीआयला स्कॅन केलं तर ते तिथेच अडलेलं बरं. सरकारी ओळखपत्राच्या प्रतीला २०० डीपीआय पुरतं. इथून पुढे गेल्यावर अडलं तर ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या मल्टिपार्ट मर्यादेकडे बघा.

५०४ म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही: प्रॉक्सी_रीड_टाइमआउट मुळात ६० सेकंद. तो सगळीकडे वाढवू नका, फक्त रिपोर्टच्या पाथसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक करून ६०० सेकंद द्या. सगळीकडे वाढवलात तर खरंच अडकलेली विनंतीही दहा मिनिटं तशीच लोंबकळत राहील आणि काउंटरवरचा माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबत बसेल.

५०२ म्हणजे टॉमकॅटकडून नीट उत्तर मिळालं नाही. त्यासाठी /व्हार/लॉग/इंजिनएक्स/एरर.लॉग मधली त्या वेळची ओळ इथे टाका. तिच्यात कंसात जो आकडा असतो तो महत्त्वाचा. १११ म्हणजे कनेक्शन रिफ्यूज्ड: टॉमकॅट बंद आहे, अजून सुरू होतोय किंवा पोर्ट चुकला. १३ म्हणजे परमिशन डिनाइड: हे रॉकी, अल्मा, रेड हॅट कुळात दिसतं, एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा इंजिनएक्सला बाहेर जोडू देत नाही. तिथे 'सेटसेबूल -पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १' द्यायचं, एसईलिनक्स बंद करायचं नाही. १०४ म्हणजे समोरच्याने मधेच कनेक्शन तोडलं. आणि 'अपस्ट्रीम सेंट टू बिग हेडर' असेल तर प्रॉक्सी_बफर_साइझ १६ के आणि त्यासोबत प्रॉक्सी_बफर्स ८ १६ के करा, नुसता पहिला बदलला तर 'इंजिनएक्स -टी' एरर देतो.

कऱ्हाकाठ

ओळीत १११ आहे. पण टॉमकॅट तर चालू दिसतो.

लॉगवाचक

आत्ता चालू दिसतो, त्या क्षणी होता का? 'सिस्टमसीटीएल स्टेटस' मध्ये 'ॲक्टिव्ह सिन्स' समोरची वेळ पाहा. ती ५०२ च्या वेळेला लागून असेल तर तो मधे पडून पुन्हा उठलाय. मग 'डीमेसेज' मध्ये 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' शोधा.

कऱ्हाकाठ

सापडली. 'किल्ड प्रोसेस' आणि पुढे जावा. सेटिंगमध्ये -एक्सएमएक्स १४ जीबी आहे, वेंडरच्या पीडीएफप्रमाणे.

पाटीपेन्सिल

१६ जीबीच्या मशीनवर, मायएसक्यूएल शेजारी असताना १४ जीबी हीप (जावाला ॲप्लिकेशनच्या डेटासाठी दिलेली मेमरी) म्हणजे कर्नल कुणाला तरी मारणारच. -एक्सएमएक्स हा फक्त हीपचा आकडा. मेटास्पेस, कोड कॅशे आणि प्रत्येक थ्रेडचा स्टॅक (६४ बिट लिनक्सवर १ एमबीपर्यंत) हे त्याच्या वर. मॅक्सथ्रेड्स २०० असतात, म्हणजे स्टॅकसाठीच २०० एमबीपर्यंत जागा धरा.

४० जणांना ४ जीबी हीप भरपूर आहे. -एक्सएमएस आणि -एक्सएमएक्स दोन्ही ४ जीबी. इनोडीबी बफर पूल (मायएसक्यूएल डेटा मेमरीत ठेवतं ती जागा) न लिहिता १२८ एमबी असतो, तो ५ जीबी करा. उरलेलं ऑपरेटिंग सिस्टमच्या फाइल कॅशेला राहू द्या, ते वाया जात नाही. ताळेबंदाचा वेळ बफर पूल वाढवल्यावरच कमी होण्याची शक्यता जास्त, टाइमआउट वाढवून रिपोर्ट लवकर येत नसतो.

मोगरा_७७

विषय थोडा बदलते. अशाच मांडणीत सभासदांची मराठी नावं जतन केल्यावर बिघडतात. सर्चमध्ये बरोबर लिहिली जातात, पण फॉर्म भरून सेव्ह केलं की काही ठिकाणी प्रश्नचिन्हं, काही ठिकाणी डोक्यावर रेघ असलेली रोमन अक्षरं.

शब्दांगण

हा विषय बदल नाही, कॉन्फिगरेशनचाच भाग आहे, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो पहिल्या दिवशी तपासायला हवा.

सर्च चालतं पण फॉर्म बिघडतो, याचं कारण स्पष्ट आहे. टॉमकॅट ८ पासून पत्त्यातला मजकूर युटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिपी सांभाळणारी पद्धत) धरला जातो. पोस्टमधून, म्हणजे फॉर्ममधून, येणारा मजकूर मात्र ब्राउझरने कॅरेक्टर सेट सांगितला नसेल तर सर्व्हलेटच्या नियमाप्रमाणे आयएसओ-८८५९-१ (फक्त रोमन लिपीची जुनी पद्धत) धरला जातो. वेब.एक्सएमएलमध्ये सेटकॅरेक्टरएन्कोडिंगफिल्टर लावा, एन्कोडिंग युटीएफ-८. तो सगळ्या फिल्टरांच्या आधी यायला हवा. त्याच्या आधी कुणी एक जरी पॅरामीटर वाचला तर उशीर झाला, मग फिल्टरचा उपयोग होत नाही. वेब.एक्सएमएल सर्व्हलेट ४.० चा असेल तर टॉमकॅट ९ मध्ये रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग ही एकच ओळ पुरते.

आता आधीच बिघडलेल्या नावांचं. मायएसक्यूएलमध्ये 'सिलेक्ट हेक्स(नाव)' चालवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं असतं आणि ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं. तसं दिसलं तर डेटा नीट आहे, दोष दाखवण्यात आहे. सी३ए०सी२ए४ ने सुरुवात असेल तर दोनदा एन्कोड झालाय: युटीएफ-८ चे बाइट लॅटिन समजून वाचले आणि पुन्हा युटीएफ-८ केले. हा परत मिळवता येतो. पण ३एफ३एफ३एफ असेल तर ती खरीखुरी प्रश्नचिन्हं साठवली गेली आहेत, मूळ अक्षरं गेली. ती नावं कागदावरूनच पुन्हा भरावी लागतील. म्हणून हे लक्षात आल्या क्षणी नोंदी थांबवा, 'नंतर बघू' म्हणू नका.

३एफ येतात तेव्हा बहुतेक वेळा टेबलाचा कॉलम किंवा जेडीबीसी (जावा ते डेटाबेस) कनेक्शन लॅटिन१ वर असतं. कॉलम युटीएफ८एमबी४ करा आणि कनेक्शनच्या पत्त्यात कॅरेक्टरएन्कोडिंग=युटीएफ-८ द्या. जावा ८ आहे म्हणून -डीफाइल.एन्कोडिंग=युटीएफ-८ हेही द्या. जावा १८ पासून ते आपोआप युटीएफ-८ असतं, ८ मध्ये सर्व्हरच्या लोकेलवर ठरतं.

मोगरा_७७

हेक्समध्ये सी३ए० दिसतंय. म्हणजे परत मिळतील. खूप आधार वाटला, मनापासून धन्यवाद.

शब्दांगण

कॉन्व्हर्ट करायच्या आधी टेबलाची नक्कल ठेवा. फिल्टर लावल्यानंतर भरलेल्या नोंदी नीट असतील, त्यांच्यावर तेच कॉन्व्हर्ट चालवलं तर चांगली नावं बिघडतील. हेक्स बघून फक्त सी३ए० वाल्या ओळी निवडा.

सोनकी

याला जोडून: पासबुक किंवा ठेव पावतीच्या पीडीएफमध्ये चौकोन आले तर तो एन्कोडिंगचा दोष नाही, सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नसतो. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज टाका, सोबत फॉन्टकॉन्फिग. चौकोन गेले पण 'क्ष' आणि 'र्य' तुटून आले, वेलांटी चुकीच्या बाजूला बसली, तर पीडीएफ लायब्ररीला अक्षरजुळणी येत नाही. ते सर्व्हरवर सुटत नाही, वेंडरलाच सांगावं लागतं.

कडूलिंब

सगळे पॅकेजवाला टॉमकॅट धरून बोलताय की झिपवाला? माझ्या मते झिप /ऑप्ट मध्ये उलगडावी, स्वतंत्र टॉमकॅट युजर करावा आणि कॅटलिना_होम व कॅटलिना_बेस वेगळे ठेवावेत. बेसमध्ये आपलं कॉन्फ, वेबॲप्स आणि लॉग, होममध्ये टॉमकॅटच्या मूळ फाइली. अपडेट म्हणजे नवी झिप शेजारी उलगडून होमची लिंक बदलायची, अडलं तर लिंक परत जुन्याकडे.

पाटीपेन्सिल

@कडूलिंब, ही मांडणी चांगली आहे, पण मग सुरक्षा अपडेटवर लक्ष ठेवण्याचं काम आपल्यावर येतं. छोट्या संस्थेत ते होत नाही, झिप एकदा उलगडली की वर्षानुवर्षं तशीच राहते.

कडूलिंब

२२.०४ चं टॉमकॅट ९ पॅकेज युनिव्हर्स विभागात आहे. तिथल्या सुरक्षा दुरुस्त्या मुख्यतः उबुंटू प्रोमधून मिळतात. ते जोडलेलं नसेल तर पॅकेज आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

पॅकेज वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या. त्याच्या सिस्टमडी युनिटमध्ये (सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) प्रोटेक्टसिस्टम=स्ट्रिक्ट असतं. ॲप्लिकेशन /श्री/कागद मध्ये स्कॅन ठेवत असेल तर फोल्डरची मालकी, परवानग्या सगळं बरोबर असूनही 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' येतं, आणि माणूस सीएचमॉड ७७७ करत सुटतो. त्याने काही होत नाही आणि फोल्डर मात्र सगळ्यांना उघडा पडतो. 'सिस्टमसीटीएल एडिट टॉमकॅट९' करून सर्व्हिस विभागात रीडराइटपाथ्स=/श्री/कागद लिहा आणि रीस्टार्ट करा. प्रायव्हेटटीएमपीही चालू असतं, म्हणून ॲप्लिकेशनने /टीएमपी मध्ये लिहिलेली फाइल तुम्हाला /टीएमपी मध्ये दिसत नाही.

आणि टॉमकॅट १० टाकू नका. त्यात जावाएक्स ऐवजी जकार्ता नावाची पॅकेजं आहेत, जावा ८ च्या काळातली वॉर त्यावर चालत नाही. वॉर मुद्दाम वेबॲप्स-जावाईई फोल्डरमध्ये ठेवली तर तो रूपांतर करून बघतो, पण वेंडर त्याला आधार देईल असं धरू नका.

बारा_बंदरं

सर्टिफिकेटवर कोणी बोललं नाही. लॅपटॉपवर कुलूप दिसतंय पण पिग्मी एजंटच्या मोबाइल ॲपमध्ये 'ट्रस्ट' ची एरर येते, किंवा दुसऱ्या जावा प्रोग्रॅममधून 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड', तर मधलं सर्टिफिकेट (तुमचं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणारं) राहिलंय. लॅपटॉपचा ब्राउझर ते मधलं स्वतः शोधून घेतो, मोबाइल ॲप आणि जावा सहसा घेत नाहीत. एसएसएल_सर्टिफिकेट मध्ये आधी तुमचं, मग मधलं, एकाच फाइलमध्ये. सर्टबॉटने घेतलं असेल तर 'फुलचेन' द्या, 'सर्ट' नको.

लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. नूतनीकरण आपोआप होतं, पण इंजिनएक्स रीलोड झाला नाही तर तो मेमरीतलं जुनंच दाखवत राहतो. डिप्लॉय-हुकमध्ये रीलोडची आज्ञा द्या. घाटमाथा म्हणतात तसं सगळं व्हीपीएनच्या आत असेल तर ८० पोर्टवरची तपासणी होणारच नाही, तिथे डीएनएसवाली पद्धत वापरा.

विकत घेतलेलं सर्टिफिकेट हाताने बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: १५ मार्च २०२६ पासून कमाल मुदत २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. वर्षातून एकदा हाताने बदलायचे दिवस संपले, आत्ताच स्वयंचलित करून घ्या.

मोगरा_७७

आणखी एक विचारते. रोज सकाळी पहिला जो लॉगिन करतो त्याला 'कम्युनिकेशन्स लिंक फेल्युअर' येतं. दुसऱ्यांदा केलं की चालतं.

लॉगवाचक

मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. संध्याकाळी सहाला शाखा बंद झाली की रात्री दोनच्या सुमारास डेटाबेस निवांत पडलेली कनेक्शन तोडतो. कनेक्शन पूलला (उघडी कनेक्शन सांभाळून ठेवणाऱ्या भागाला) ते माहीत नसतं, तो सकाळी तुटलेलंच कनेक्शन हातात देतो. टेस्टऑनबॉरो ट्रू आणि व्हॅलिडेशनक्वेरी 'सिलेक्ट १'. वेट_टाइमआउट वाढवणं हा उपाय नव्हे, रविवार जोडून आला की पुन्हा तेच.

पूल उघडलाच आहे तर आकारही बघा. टॉमकॅटच्या नेहमीच्या डीबीसीपी पूलमध्ये मॅक्सटोटल ८ असतो आणि मॅक्सवेटमिलीस -१, म्हणजे रिकामं कनेक्शन मिळेपर्यंत अनंत वाट पाहायची. ४० जण, ८ कनेक्शन, त्यातली चार ताळेबंदाने धरली की बाकीच्यांचं पान फिरत राहतं, आणि सीपीयू मात्र शांत. लोक म्हणतात नेट स्लो आहे. मॅक्सटोटल ४०, मॅक्सवेटमिलीस १०००० करा. मायएसक्यूएलचे मॅक्स_कनेक्शन्स मुळात १५१ असतात, त्यात हे आरामात बसतं. लॉगॲबँडन्ड, आणि सोबत रिमूव्हॲबँडन्डऑनबॉरो, चालू ठेवलंत तर कनेक्शन परत न करणारा कोड कोणत्या ओळीवर आहे तेही लॉगमध्ये येतं. ती ओळ वेंडरला पाठवा, मग तो 'तुमच्याकडचं नेटवर्क बघा' म्हणू शकत नाही.

घाटमाथा

लॉग निघालेच आहेत म्हणून. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते, आणि मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची असतात. उबुंटूवर इंजिनएक्सचा लॉगरोटेट (जुने लॉग पुसणारी व्यवस्था) मुळात १४ दिवसच ठेवतो. /ईटीसी/लॉगरोटेट.डी/इंजिनएक्स मध्ये रोटेट १८० करा आणि डिस्कवर तेवढी जागा आहे का ते आधी बघा.

सर्व्हरचा टाइमझोन यूटीसी असेल तर -डीयुजर.टाइमझोन=एशिया/कोलकाता द्या. नाहीतर मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत ॲप्लिकेशनची तारीख आदल्या दिवसाचीच राहते. भारतीय वेळेने रात्री बाराला आपोआप व्याज आकारणी होत असेल तर ती चुकीच्या तारखेला पडते, आणि ३१ मार्चच्या रात्री ती थेट चुकीच्या आर्थिक वर्षात जाते.

कऱ्हाकाठ

हीप ४ जीबी केल्यावर ५०२ थांबला, कागद चढतायत. पण रिपोर्टसाठी वेगळा लोकेशन ब्लॉक केल्यापासून रिपोर्ट तयार झाल्यावर ब्राउझर थेट १२७.०.०.१:८०८० च्या पत्त्यावर जायला बघतो. बाकी पानं ठीक आहेत. तीन हेडर मी वर सर्व्हर ब्लॉकमध्ये एकदाच लिहिले आहेत. रिपोर्टच्या ब्लॉकमध्ये टाइमआउट आणि फक्त एक 'कनेक्शन' हेडर आहे.

निशिगंध

तो एक हेडरच कारण आहे. प्रॉक्सी_सेट_हेडर वरून खाली वारशाने येतो, पण खालच्या ब्लॉकमध्ये तुम्ही एक जरी लिहिलात तर वरचे सगळे गळतात. मग होस्ट म्हणून प्रॉक्सी_पासमधलाच पत्ता जातो, टॉमकॅट त्याच पत्त्याने रीडायरेक्ट बांधतो. हेडरच्या सगळ्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक लोकेशनमध्ये 'इन्क्लूड' करा.

ॲड_हेडरचंही अगदी असंच आहे, म्हणून एचएसटीएस (ब्राउझरला फक्त एचटीटीपीएस वापरायला सांगणारा हेडर) लावताना सांभाळा. तो आधी मॅक्स-एज=३०० ने लावा. एकदा ब्राउझरने तो लक्षात ठेवला की मुदत संपेपर्यंत त्या नावावर साधं एचटीटीपी उघडतच नाही, आणि सर्टिफिकेट चुकलं तर इशारा ओलांडून पुढे जाण्याचं बटणही मिळत नाही. आठवडाभर सातही शाखा नीट चालल्या की मग वर्षभराचा, ३१५३६०००, करा.

कऱ्हाकाठ

इन्क्लूड केलं, रिपोर्ट उतरतोय. आता व्हीपीएनचं ठरवायचंय, शाखांचे राउटर कोणते आहेत त्याची यादी मागवली आहे.

घाटमाथा

यादी आली की इथे टाका. तोवर बाहेरच्या कनेक्शनवरून, म्हणजे मोबाइल डेटावर, एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवून ८०८०, ८००९, ८००५ आणि ३३०६ बंद दिसतात का ते पाहा. ऑफिसच्या लॅनवरून पाहिलंत तर राउटर मधे येत नाही, त्यामुळे ते उत्तर धरायचं नाही. आणि वेंडरने यातलं काही डॉकरमध्ये दिलं असेल तर यूएफडब्ल्यूच्या (उबुंटूच्या फायरवॉलच्या) नियमांवर विसंबू नका. डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम घालतो, यूएफडब्ल्यू 'डिनाय' दाखवत असतानाही पोर्ट बाहेरून उघडा असू शकतो. तिथे पोर्ट लिहितानाच १२७.०.०.१:८०८०:८०८० असं लिहावं लागतं.